सख्खे भाऊ, वेगळ्या चुली

मराठी माणसाला एका वेलांटीची किंमत समजावून द्यावी लागत नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे आपण शाळेत मार खाऊन शिकलेलो असतो. तरीही इंग्रजीतले एका अक्षराने वेगळे शब्द समोर आले की आपली तारांबळ उडते आणि आपण 'नेहमी चुकणारे शब्द' छापाची पुस्तकं पाठ करायला बसतो. इंग्रजी कागदांचं मराठी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आधी वृत्तपत्राच्या डेस्कवर टेलिप्रिंटरच्या बातम्या, पुढे वकिलांचे आणि बँकांचे दस्तऐवज. त्या कामात जे उमगलं ते इथे क्रमांक घालून मांडतो. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिला मुद्दा तेवढा खरोखरच पहिला आहे.

१. जोड्या पाठ करू नका, शब्दाचं घर विचारा

जोड्यांच्या याद्यांचा मोठा दोष असा की दोन शब्द वेगळे करायला म्हणून त्या ते शेजारी-शेजारी बसवतात. पाठ करणाऱ्याच्या डोक्यात ते कायमचे शेजारीच बसतात आणि ऐन वेळी कोणता कुठला हे आठवत नाही. त्यापेक्षा एकेक शब्द त्याच्या घरी जाऊन भेटावा. 'प्रिन्सिपल' घ्या. बँकेच्या कर्जखात्यात प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल. कॉलेजात प्राचार्य. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, एजंट ज्याच्या वतीने काम करतो तो मालक. तिन्ही ठिकाणी 'मुख्य' हाच अर्थ आहे आणि तिन्हींच्या शेवटी 'ए' आणि 'एल' आहेत. दुसरा, 'एल' आणि 'ई'ने संपणारा, म्हणजे तत्त्व. त्याला पगार नसतो आणि त्याचे हप्तेही पडत नाहीत. ज्याचं व्याज भरावं लागतं किंवा ज्याच्या केबिनबाहेर ताटकळावं लागतं तो 'ए-एल'वाला, एवढं कळलं की पुरे.

२. बऱ्याच जोड्या एकाच आईच्या पोटच्या आहेत

हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर सगळं सोपं झालं. 'स्टेशनरी'चे दोन शब्द आहेत. 'ए'वाला म्हणजे जागेवर थांबलेला. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रकवर मोटरसायकल आदळली, या बातमीतला ट्रक. 'ई'वाला म्हणजे वह्या, पेनं, लिफाफे. वरवर संबंध शून्य. पण मध्ययुगीन युरोपात बहुतेक माल फेरीवाले विकत असत. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं आणि लेखनसाहित्य विकणारे मात्र एका जागी दुकान मांडून बसत, म्हणून त्यांना लॅटिनमध्ये 'स्टेशनॅरियस' म्हणत. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघ झाला, १५५७ मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. जागेवर बसणं दोन्हीकडे आहेच. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, एकाने 'ए' घेतला आणि दुसऱ्याने 'ई'.

'कॉम्प्लिमेंट'चंही तसंच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भर घालून पुरं करणं. 'ई'वाल्याने तो अर्थ जसाच्या तसा ठेवला. साठ अंशांच्या कोनाला तीस अंशांचा जो कोटिकोन असतो, तो नव्वद पुरे करतो, त्याच्या इंग्रजी नावात 'ई' आहे. 'आय'वाला इटली-स्पेनच्या दरबारी रीतीरिवाजांतून फिरून आला. शिष्टाचार पुरा करणं, चार गोड शब्द बोलणं, तिथून स्तुती. हॉटेलात नाश्ता फुकट असतो तो 'आय'वाला, कारण ती मालकाने दाखवलेली शिष्टाई. (खोलीच्या भाड्यात ती आधीच वसूल झालेली असते, हा भाग वेगळा.)

'डिस्क्रीट'च्या दोन्ही शब्दांचं मूळ 'वेगळं केलेलं' या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दात आहे. ज्याच्या शेवटी 'टी'च्या आधी दोन 'ई' शेजारी आहेत, तो म्हणजे काय बोलावं आणि काय गिळावं हे ज्याला वेगळं करता येतं असा माणूस. ज्यात त्या दोन 'ई'ंच्या मध्ये 'टी' उभा आहे, तो म्हणजे सुटा-सुटा. आठवण ठेवायला इतकं सोयीचं स्पेलिंग इंग्रजीत क्वचित सापडतं.

३. 'लिहून देणार' कोण, 'लिहून घेणार' कोण?

माझ्या धंद्यातला हा सर्वांत महाग मुद्दा. इंग्रजी दस्तांत 'लेसर' आणि 'लेसी', 'मॉर्गेजर' आणि 'मॉर्गेजी', 'डोनर' आणि 'डोनी' अशा जोड्या येतात. शेवटच्या दोन अक्षरांवर घर कोणाचं हे ठरतं. पानापानांवर हे शब्द आलटून-पालटून येतात आणि दहाव्या पानावर डोळे थकले की एक 'ओ-आर' नजरेतून निसटतो.

आपल्या जुन्या मराठी दस्तलेखकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. खरेदीखत असो, गहाणखत असो, बक्षीसपत्र असो, वर 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' अशी दोन नावं टाकली की संपलं. शेवटी 'ओ-आर' असेल तो लिहून देणार, शेवटी दुहेरी 'ई' असेल तो लिहून घेणार. मी प्रत्येक इंग्रजी दस्त हातात घेतला की आधी समासात पेन्सिलीने हे दोन शब्द लिहितो.

गहाणखतात मात्र भलेभले फसतात. बँक पैसे देते, म्हणजे देणारी बँक, म्हणून ती मॉर्गेजर असणार, असं वाटतं. पण या कागदाने दिलं जातंय ते गहाण. घर कर्जदार गहाण देतो, म्हणून मॉर्गेजर कर्जदार आणि मॉर्गेजी बँक. कोणत्या कागदाने काय दिलं जातंय हे विचारलं की गोंधळ उरत नाही.

याच घरात 'डिमाइज' राहतो. वर्तमानपत्रात आणि शोकसभेत तो मृत्यू असतो. भाडेपट्ट्यात 'डिमाइज्ड प्रिमायसेस' म्हणजे पट्ट्याने दिलेली जागा. एका मसुद्यात मी 'सदरहू मयत जागा' वाचलेलं आहे. तो मसुदा करणारा इंग्रजीत एम. ए. होता. भाडेपट्ट्याचं 'डिटर्मिनेशन' म्हणजे निर्धार नव्हे, तो पट्टा संपुष्टात येणं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १११ याच शीर्षकाचं आहे. आणि मृत्युपत्रातला 'एक्झिक्युटर' म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा विश्वासातला माणूस. त्यात एक अक्षरगट जास्त घुसला की 'एक्झिक्युशनर' होतो, म्हणजे जल्लाद. वडिलांनी थोरल्या मुलाला जल्लाद नेमल्याचा कागद वाचून धाकटे खूश होत असतील, पण न्यायालय होणार नाही.

४. पुढे लागलेल्या 'इन'ला नकार समजू नका

पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लॅमेबल' लिहिलेलं असतं. 'इन' म्हणजे 'नाही' असं पक्कं शिकलेला माणूस त्याचा अर्थ 'मुळीच पेट न घेणारा' असा लावू शकतो. इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत, पेटवून' अशा अर्थाचा आहे. अंगाला दाह होतो त्याला डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात, तोच हा. 'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल' दोन्ही ज्वालाग्राहीच. या गैरसमजाने जीव जातील म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या लोकांनी १९२० च्या दशकापासून 'इन' गाळून छोटा शब्द वापरण्याचा आग्रह धरला. आपल्या टँकरांवर जुना शब्द अजून दिमाखात फिरतो आहे. तो बदलला तर मला आनंद होईल.

उपसर्गाचं एकच अक्षर फिरलं तर काय होतं याचं उदाहरण मराठी रंगभूमीवरच आहे. 'प्रिस्क्राइब' म्हणजे डॉक्टरने औषध लिहून देणं, विद्यापीठाने पुस्तक नेमणं. 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणं. मूळ अर्थ जाहीर लिहून लावणं, कारण प्राचीन रोममध्ये सुल्लाने इसवी सनपूर्व ८२ मध्ये आपल्या वैऱ्यांच्या नावांच्या याद्या चौकात लावल्या आणि यादीत नाव आलेला माणूस कोणीही मारावा असा झाला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ते 'प्रोस्क्राइब' केलं. आज एखाद्या विद्यापीठाने तेच नाटक अभ्यासाला लावलं तर ते 'प्रिस्क्राइब' होईल. इंग्रजीत लिहिताना 'ई'च्या जागी 'ओ' पडला तर संपूर्ण इतिहास उलटा फिरेल.

५. 'डिस'वरून माणूस तुरुंगात गेला आहे

'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' यांतला फरक मी नव्या मुलांना न्यायाधीशावरून सांगतो. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा, म्हणजे खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा. तो 'अनइंटरेस्टेड' असला, म्हणजे त्याला खटल्यात रसच नसला, तर तो डुलक्या काढेल. गंमत म्हणजे सतराव्या शतकात हे दोघे एकमेकांच्या अर्थाने वापरले जात. पुढे अदलाबदल झाली आणि आता नवी पिढी पुन्हा दोघांना एक करते आहे. वर्तमानपत्रात हे चालून जाईल, न्यायालयात चालणार नाही.

पण 'डिस'चा खरा धडा १८९७ च्या मुंबईतला आहे. भारतीय दंड विधानात १८७० साली घातलेल्या १२४ अ या कलमात 'डिसअफेक्शन' आणि 'डिसॲप्रोबेशन' असे दोन शब्द होते. दिसायला भाऊ, पण एक गुन्हा होता आणि दुसरा नव्हता. सरकारच्या एखाद्या धोरणाबद्दल नापसंती दाखवणं, म्हणजे 'डिसॲप्रोबेशन', कायद्याला मान्य होतं, सरकारचा हुकूम मानण्याची तयारी असली म्हणजे झालं. 'डिसअफेक्शन' पसरवलं तर मात्र राजद्रोह. मग 'डिसअफेक्शन' म्हणजे नेमकं काय? १८९१ मध्ये कलकत्त्यात 'बंगबासी' पत्राच्या खटल्यात सरन्यायाधीश पेथरम यांनी ज्युरीला सांगितलं होतं की ही प्रेमाच्या विरुद्ध भावना आहे, म्हणजे तिटकारा किंवा द्वेष. 'केसरी'तल्या जून १८९७ मधल्या लेखनावरून लोकमान्य टिळकांवर खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीपुढे आणखी एक पायरी ओलांडली. या शब्दाचा अर्थ प्रेमाचा अभाव, असं त्यांनी सांगितलं, आणि सरकारविषयीची सगळ्या प्रकारची दुर्भावना त्यात घातली.

हा फरक बघा. 'डिस'चा अर्थ 'विरुद्ध' घेतला तर सरकारी वकिलाला द्वेष सिद्ध करावा लागतो. 'डिस'चा अर्थ 'अभाव' घेतला तर प्रेम नसणं पुरतं. परक्या सरकारवर प्रेम न करणाऱ्यांची संख्या त्या वेळी पुण्यात किती असेल, याचा हिशेब कोणीही करावा. ज्युरीसमोर होतं ते मराठी लेखनाचं इंग्रजी भाषांतर. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. सहा युरोपीय ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्युरर नाही म्हणाले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, आणि पुढच्याच वर्षी कलमाची भाषा अधिक कडक करण्यात आली. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, तेव्हा सरकारी भाषांतरकाराने आपल्या मराठी शब्दांना दिलेल्या इंग्रजी प्रतिशब्दांवर त्यांनी कडाडून हल्ला चढवला. शिक्षा चुकली नाही, सहा वर्षं मंडालेला गेली. पण भाषांतराच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाने त्या उलटतपासण्या वाचाव्यात असं माझं मत आहे. उपसर्ग ही व्याकरणाच्या पुस्तकातली शोभेची वस्तू आहे असं नंतर वाटत नाही.

६. देवनागरी आपल्याला लपवाछपवी शिकवते

आपल्या लिपीत 'ॲ' आणि 'ऑ' आहेत ही मोठी सोय. पण मराठीत 'स्टेशनरी', 'कॉम्प्लिमेंट', 'प्रिन्सिपल' लिहिलं की दोन्ही भाऊ एकाच टोपीखाली झाकले जातात, आणि पुढे इंग्रजीत लिहायची वेळ आली की कोणता ते आठवत नाही. बोलण्यातही आपण फरक बुजवतो. 'हरवणं' आणि 'सैल' या दोन्ही अर्थांनी आपण 'लूज' म्हणतो. वास्तविक हरवण्याचा 'लूझ' आणि सैलाचा 'लूस'. सल्ला हे नाम 'ॲडव्हाइस', सल्ला देणं हे क्रियापद 'ॲडव्हाइझ'. यासाठी परदेशी जीभ लागत नाही. 'जरा' आणि 'जागा' या शब्दांतला ज आपण रोज उच्चारतो, तो 'झ'च्या बराच जवळ आहे. 'व' मात्र आपल्याकडे एकच, म्हणून द्राक्षवेल आणि द्राक्षाची दारू दोन्ही 'वाइन' होतात. तिथे कानावर विसंबू नये, स्पेलिंगच बघावं.

'डेझर्ट'मध्ये कान उलट फसवतो. जेवणानंतरच्या गोडात दोन 'एस', वाळवंटात एक. पण 'सोडून जाणं' या क्रियापदाचा उच्चार गोडासारखा आणि स्पेलिंग वाळवंटासारखं. बायकोला सोडून गेलेल्या नवऱ्याने तिला 'गोड केलं' असं छापून आलेलं मी पाहिलं आहे.

७. सोपे नियम अर्ध्या वाटेत सोडतात

'ॲफेक्ट' क्रियापद आणि 'इफेक्ट' नाम, असा नियम क्लासवाले शिकवतात. दहातल्या आठ वेळा तो चालतो. उरलेल्या दोन वेळा तो नेमका महत्त्वाच्या कागदावर मोडतो. 'इफेक्ट' क्रियापद म्हणून आला की घडवून आणणं, अमलात आणणं. मानसोपचाराच्या केसपेपरवर 'ॲफेक्ट' नाम म्हणून येतो, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, आणि तो रुग्णाच्या चेहऱ्यावर-वागण्यात दिसणारी भावना सांगतो. 'पर्सनल इफेक्ट्स' म्हणजे माणसाची चीजवस्तू. आणि न वटलेल्या धनादेशासोबत बँकेचा मेमो येतो त्यावर कधी कधी 'इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड' असं कारण असतं. खात्यात भरलेले धनादेश अजून वटायचे आहेत, पुन्हा सादर करा, एवढाच त्याचा अर्थ. त्याचं 'परिणाम स्पष्ट नाहीत' असं मराठी करणाऱ्याने कधी खातंच उघडलेलं नसावं.

८. मराठी एका शब्दात भागवते तिथे जपा

'ऐतिहासिक' या एका शब्दात आपण 'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल' दोन्ही कोंबतो. पहिल्याने इतिहास घडतो, दुसऱ्याचा फक्त इतिहासाशी संबंध असतो. सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या दुसऱ्या प्रकारच्या, पहिल्या प्रकारच्या फार थोड्या. डेस्कवर दर अर्थसंकल्प 'हिस्टॉरिक' असतो. 'इकॉनॉमिक' म्हणजे अर्थव्यवस्थेचं, 'इकॉनॉमिकल' म्हणजे काटकसरीचं. सरकारी धोरण पहिलं असतं, दुसरं क्वचित.

९. पत्रिका

'फेलिसिटेट' म्हणजे अभिनंदन करणं, आपल्याकडच्या इंग्रजीत सत्कार करणं. 'फॅसिलिटेट' म्हणजे काम सुलभ करणं. अध्यक्षांच्या हस्ते गुणवंतांना सुलभ करण्यात येईल, अशा निमंत्रणपत्रिका दर उन्हाळ्यात निघतात. यावर जास्त लिहायची गरज नाही.

१०. लाल रेघ नाही म्हणजे बरोबर नाही

संगणक शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. पण या सगळ्या जोड्यांतले दोन्ही शब्द कोशात आहेत. 'पब्लिक'मधला 'एल' गळला तरी जे उरतं तो अस्सल इंग्रजी शब्द आहे, आणि तो कुठल्याही पत्रकावर छापून यावा असं कोणालाच वाटणार नाही. त्यातून संगणक अमेरिकन इंग्रजीवर बेतलेला असेल तर परवान्याच्या 'लायसन्स'मधला दुसरा 'सी' तो 'एस' करून टाकतो. ब्रिटिश आणि भारतीय रीतीत नामाला 'सी', क्रियापदाला 'एस'. अमेरिकेत दोन्हीकडे 'एस'. पण 'प्रॅक्टिस'मध्ये मात्र अमेरिकन दोन्हीकडे 'सी'च लिहितो. कागद कोणत्या देशात जाणार हे आधी विचारावं.

कोश जवळ ठेवा, पण उदाहरणांची वाक्यं देणारा ठेवा. फाउलरचा १९२६ चा इंग्रजी वापराचा कोश जुना झाला असला तरी अशा जोड्यांवर त्याच्याइतका तिखट कोणी नाही. कायद्याच्या कागदासाठी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश उघडावा, भले त्यातले काही प्रतिशब्द वकीलही वापरत नसोत. आणि इंग्रजी दस्तावर सही करण्याआधी दुहेरी 'ई' कुणाच्या नावापुढे आहे ते एकदा बोट ठेवून बघा. नोंदणी झालेल्या दस्तात पक्षकारांची अदलाबदल झाली तर ती पेनाने खोडता येत नाही. चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात उभं राहावं लागतं.